माँट्रियलच्या झेंड्यावर झाड आहे की नाही?

शाईवाला, शाहूपुरी:
मंडळी, भाचा कॅनडात माँट्रियलला असतो. मित्रांसाठी पंचवीस टी-शर्ट छापून दे म्हणतोय, छातीवर त्या शहराचा झेंडा. पांढऱ्यावर लाल क्रॉस, चार कोपऱ्यांत चार फुलं, मधोमध झाड. पण त्यानंच धाडलेल्या दुसऱ्या फोटोत झाड गायब! खरा कुठला? जांभळ्या फुलाचे काटे छपाईच्या स्क्रीनमधून उतरेनात, शाई भरून नुसता गोळा होतोय, ते वेगळंच.

पेठकर:
दोन्ही खरे, दादा. बिनझाडाचा १९३९चा. झाड २०१७ला आलं : पांढरा पाईन, तिथल्या मूळ रहिवाशांसाठी. जमीन त्यांची, आणि झेंड्यात जागा मिळायला ७८ वर्षं! मधोमध दिली, एवढं बरं केलं. फुलं म्हणजे नंतर येऊन वसलेली माणसं. वर डावीकडं निळी लिली फ्रेंचांची, उजवीकडं लाल गुलाब इंग्रजांचा. खाली जांभळं काटेरी फूल, थिसल, स्कॉटिश, हिरवं शॅमरॉक आयरिश.

रंकाळाकाठ:
शॅमरॉक फूल नव्हे ओ, पान हाय. आपल्या आंबुशीसारखं, तीन दलांचं. आणि १८३३च्या नगरचिन्हात लिलीच्या जागी चक्क बीव्हर होता, फरच्या व्यापारातला प्राणी. १९३८ला गडी चिन्हातल्या ढालीवरनं उठून वर जाऊन बसला.

शाईवाला:
लई भारी. म्हणजे झाडवालाच छापतो. क्रॉस आणि गुलाब एकाच लाल स्क्रीनवर निघतील, तेवढाच खर्च वाचला. थिसलचे काटे मात्र जाड करणार. स्कॉटिश मंडळींनी रागवू नये.