अनुभव धागा: तुमच्या घरी ऋतूप्रमाणे काय शिजतं?

चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची लाकडी चौकट) बांधताना दरवर्षी जाणवतं, की त्या चौकटीला टांगलेल्या कितीतरी गोष्टी घरातल्या मुलांनी ताटात पाहिलेल्याच नसतात. आंबट आंबाडे, तोरिंग, चिबूड, निरफणस. आपल्या पावसाळ्याची अख्खी यादी डोक्यावर लटकत असते आणि जेवणात मात्र बारा महिने तोच फ्लॉवर, तोच बटाटा.

म्हणून हा धागा. कोणत्या महिन्यात तुमच्याकडे काय येतं, ते कसं शिजवतात आणि प्रकृतीला काय फरक जाणवला, हे लिहा. रीत सविस्तर लिहा, कारण जुन्या माणसांबरोबर जाते आहे ती रीतच. मधुमेह, मुतखडा, रक्तदाब असलेल्यांनी तर जरूर लिहा. एकाला मानवतं ते दुसऱ्याला मानवेलच असं नाही.

सुरुवात मी करते. आम्ही गोव्यातले, फोंड्याचे. श्रावण-भाद्रपदात आमच्याकडे खतखतं होतं: सुरण, निरफणस, मुळा, भोपळा, मक्याचं कणीस, तूरडाळ, नारळाचं वाटप, थोडा गूळ. तिरफळाची काळी बी काढून टाकायची आणि टरफलं किंचित चेचून अगदी शेवटी घालायची. कंदांचा जडपणा तिरफळाने मोडतो, असं सासूबाई सांगायच्या. माझा अनुभव एवढाच, की तिरफळ घातलेलं खतखतं खाऊन पोट कधी फुगलं नाही.

वाळपईहून

पहिले पाऊस झाले की टाकळा उगवतो. आम्ही त्याला तायकिळा म्हणतो. चार-सहा पानांचा कोवळा असतानाच खुडायचा, शेंगा धरल्यावर पानं निबर आणि कडवट होतात. आमच्या घरी उन्हाळ्यात फणसाच्या आठळ्या लाल मातीत घोळवून वाळवून ठेवतात. त्या धुऊन, उकडून, चेचून टाकळ्यात घालायच्या. वर मिरची आणि खवलेला नारळ. पाणी घालायचं नाही, झाकणीखाली पाला आपल्याच ओलीवर शिजतो.

पावसाच्या सुरुवातीला पोट धरल्यासारखं होतं, ते या भाजीने मोकळं होतं. पण ही रोजची भाजी नव्हे. आई आठवड्यातून एकदाच करायची, कारण जास्त झाली तर ढाळ होतात. बांबूचे कोंबही आमच्याकडे खातात, पण चिरून रात्रभर पाण्यात ठेवून, ते पाणी फेकून, पुन्हा उकडून. कोवळ्या कोंबात विषारी अंश असतो. ही पायरी कोणीही गाळू नये.

म्हापशाहून, थोडक्यात

मला मुतखड्याचा त्रास आहे. अळू आणि तेरं (रानअळू) डॉक्टरांनी बेताने खायला सांगितलं आहे, कारण त्यात ऑक्झलेट भरपूर. आंबाड्यांशिवाय किंवा चिंचेशिवाय अळू करायचं नाही, ही रीत घशाची खाज टाळण्यासाठी. त्याने खड्याचा धोका टळतो असं समजू नका.

पणजीहून

बँकेत नोकरी, मधुमेह, वय पन्नाशीपुढे. गोळ्या चालू आहेत आणि चालूच राहतील. पण जेवणानंतर दोन तासांनी घरीच साखर मोजायची सवय लावून घेतली आणि बरंच कळलं. नाचणीचं गाळलेलं तिजण (पातळ पेज), गूळ न घालताही, माझी साखर जास्त चढवतं. त्याच नाचणीची भाकरी तांबड्या भाजीबरोबर (लाल माठ) खाल्ली तर कमी चढते. गाळताना चोथा जातो, हे एक कारण असावं. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तांदूळ त्याच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणून बायकोसाठीही भाकरी सुरू केली.

उकड्या तांदळाविषयीही सांगतो. भात सालीसकट उकडल्यामुळे कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, सुरयपेक्षा (न उकडलेल्या तांदळापेक्षा) तो उजवा. पण उकडा आहे म्हणून ताट भरून खाल्ला तर माझी साखर चढतेच.

काणकोणहून

आमच्याकडे मे महिना म्हणजे भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं. घरभर तांबड्या रसाचे डाग पडतात. फळ फोडून गर आणि बिया मीठ लावून भांड्यात ठेवायच्या, रस सुटतो. सालं उन्हात घालायची, संध्याकाळी त्या रसात बुडवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. सालं काळीभोर आणि चिवट होईपर्यंत हेच चालतं. पाऊस लवकर आला तर सगळं वाया जातं, म्हणून सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे. बियांचं भिरंडेल (कोकमाचं तेल) काढतात, टाचांच्या भेगांवर त्यासारखं दुसरं काही नाही.

बाटलीतल्या आगळात मीठ फार असतं. माझ्या वडिलांना रक्तदाब आहे, त्यांच्यासाठी थोडी सालं मीठ न लावता वाळवते आणि तीच भिजवून सोलकढी करते. नारळाचा रस ताजा आणि मिरची आमच्याच खोला गावची, एवढं पुरतं. खोल्याच्या मिरचीला २०२० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्ही ती डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर कधीपासूनच लावतो.

दिवाडीहून

खाजन शेतात, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीत, आमचा कोरगुट तांदूळ पिकतो. तो खारं पाणी सोसतो. बांध आणि मानस (पाणी अडवायची दारं) नीट राखले तरच, नाहीतर नदीचं पाणी आत शिरून तोही जातो. सकाळी दहाला त्याची पेज, बरोबर आंब्याचं लोणचं किंवा भाजलेला खारा बांगडा. शेतात वाकून काम करणाऱ्याला पाणी, मीठ आणि दम एकाच वाडग्यात मिळतो. खुर्चीवर बसून काम असेल तर खारा बांगडा रोज खाऊ नका.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा पुरुमेंताला (पावसाळ्याच्या बेगमीला) भरून ठेवलेली सुकी सुंगटं (कोळंबी) निघतात. त्यांची किसमूर (नारळ घातलेली सुकी कोशिंबीर) आणि कालची आटवलेली कढी (नारळाचं कालवण) असली की घरात कोणी ताज्या मासळीची आठवण काढत नाही.

सांगेहून

ओळमी खाणाऱ्यांसाठी दोन शब्द. ही अळंबी वाळवीच्या वारुळावर येतात, वाळवीच त्यांना जोपासते. वारूळ खणलं तर पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही. अभयारण्यातून काढायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. दरवर्षी ओळमी घेऊन येणाऱ्या ओळखीच्या बाईकडूनच घ्या. स्वतः रानात जाऊन अंदाजाने उपटू नका, विषारी अळंबी दिसायला तशीच असतात.

मडगावहून

फ्लॅटमध्ये राहतो, परसू नाही, वेळ नाही. तरी एक जमलं. बाजारात टोपली घेऊन खाली बसणाऱ्या गावच्या बायकांकडूनच भाजी घ्यायची आणि ती कशी करायची हे त्यांनाच विचारायचं. गोकुळाष्टमीला शेवग्याचा पाला घेतला, तेव्हा त्या बाईनेच देठ काढून कसा ओरबाडायचा ते दाखवलं. आता मुलगी शाळेच्या डब्यात ती भाजी नेते. आंबाडे कोणी टिकवून ठेवतं का? मिठाच्या पाण्यात घातले तर दोन दिवसांत वर पांढरा थर येतो.

वाळपईहून, मडगावला उत्तर

पाणी उकळून पूर्ण गार करून घ्या, मीठ जाड आणि सढळ हाताने घाला. आंबाडे धुऊन कपड्यावर कोरडे झाल्यावरच बरणीत टाका आणि वर वाटी ठेवून ते पाण्याखाली दाबून ठेवा.