मदत हवी आहे: 'कीप' या इंग्रजी क्रियापदाचे समानार्थी-विरुद्धार्थी शब्द मुलांना कसे शिकवावेत?

नमस्कार मंडळी,

मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात मी आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. मुलं मराठी माध्यमाची, घरी मालवणी बोलणारी. सध्या 'कीप' या एका क्रियापदापाशी गाडं अडलंय, म्हणून जाणकारांना विचारते आहे.

मुलांकडे जे व्याकरणाचं पुस्तक आहे त्यात नुसत्या जोड्या दिल्यात. 'कीप'चा समानार्थी 'रिटेन', विरुद्धार्थी 'लूज'. बस्स. मुलं ती जोडी पाठ करतात आणि दिसेल तिथे लावतात. 'ही कीप्स हिज प्रॉमिस' याच्या उलट लिहा म्हटलं की 'ही लूजेस हिज प्रॉमिस' असं येतं. मला यात मुलांचा दोष वाटत नाही. हवं होतं 'ब्रेक्स', आणि वचन मोडणं हे तर मराठीतही आहेच. मराठीतून विचारलं असतं तर एकूण एक मुलाने बरोबर सांगितलं असतं.

म्हणून आता आधी मराठी विचारते. 'कीप'साठी आपल्याकडे एक शब्द नाहीच. सुटे पैसे आपण ठेवतो, वचन पाळतो, राखण करतो, आणि मासा टिकतो किंवा टिकत नाही. इंग्रजीत या सगळ्याला 'कीप'. सुटे पैसे ठेवले तर 'रिटेन' चालतं, उलट 'रिटर्न'. गुपित ठेवलं तर उलट 'रिव्हील'. वचन पाळलं तर 'फुलफिल', नियम पाळला तर 'ओबे', उलट दोन्हीकडे 'ब्रेक'. 'गोलकीपर' राखतो, म्हणजे 'गार्ड'. 'शॉपकीपर' मात्र दुकान राखत बसत नाही, चालवतो, म्हणून तिथे 'रन'. हे मुलांना पटापट कळलं.

खरी मजा आली ती टिकण्यापाशी. एक मुलगी म्हणाली, "बाई, बांगडो बर्फाशिवाय रवणा नाय." मी फळ्यावर लिहिलं, 'मॅकरल डझन्ट कीप विदाउट आइस.' या वाक्यात 'रिटेन' घालून बघा, वाक्यच उभं राहत नाही, कारण इथे कर्म नाही. इथे 'लास्ट' हवं, नाहीतर 'स्टे फ्रेश'. उलट 'स्पॉइल' किंवा 'गो ऑफ'. बांगडा तेलकट मासा, उन्हात लवकर उतरतो. तोच मीठ लावून खडखडीत सुकवला की पावसाळाभर पुरतो. तेव्हा 'ड्राइड मॅकरल कीप्स फॉर मंथ्स' हे वाक्य मुलांनी आपणहून केलं. एकाने 'कीप्स'च्या जागी 'प्रिझर्व्ह्ज' लिहिलं. त्याला विचारलं, बांगडा टिकतो की टिकवतो? टिकतो तो बांगडा, टिकवतो आपण. 'प्रिझर्व्ह' हे टिकवणं आहे. टिकणे-टिकवणे हा फरक मराठीने आयता दिलाय, तो वापरायचा सोडून आपण मुलांना सकर्मक-अकर्मकच्या व्याख्या का पाठ करायला लावतो, हे मला खरंच कळत नाही.

आता माझ्या अडचणी.

'वुई कीप हेन्स' याचा समानार्थी 'रेअर' हे ठीक. पण विरुद्धार्थी काय? मुलं 'सेल' म्हणतात, 'किल' म्हणतात. मला दोन्ही पटत नाहीत. 'याला विरुद्धार्थी नाही' असं सांगितलं तर चालेल का?

दुसरं, 'कीप वॉकिंग'. चालत राहा. इथे 'कंटिन्यू' आणि उलट 'स्टॉप' हे सोपं आहे. पण 'द बॅन कीप्स द बोट्स फ्रॉम गोइंग आउट' (आपल्याकडची 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी) इथे तोच 'कीप' अडवणारा होतो. एका वाक्यात चालू ठेवतो, दुसऱ्यात अडवतो. मुलं गोंधळतात. हे दोन्ही एका दिवशी शिकवावं की वेगवेगळं?

आणि मला स्वतःला नीट समजून घेण्यासाठी काय पाहावं? फुकट मिळणारं असेल तर फारच बरं.

---

प्रतिसाद:

ताई, 'विरुद्धार्थी नाही' असं बेधडक सांगा. मी रत्नागिरीत महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो, आमच्या मुलांनाही हेच सांगावं लागतं. विरुद्धार्थ शब्दाला नसतो, त्याच्या एकेका अर्थाला असतो, आणि काही अर्थांना तो नसतोच.

तुम्ही 'वर्डनेट' पाहा. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात 1985 साली जॉर्ज मिलर यांनी हे काम सुरू केलं. इंटरनेटवर मोफत आहे. त्यात शब्द अर्थागणिक गटांत बांधलेले असतात, त्यामुळे 'कीप' एका जागी नाही, अनेक गटांत सापडेल. गंमत म्हणजे त्यात समानार्थ अख्ख्या गटाचा असतो, पण विरुद्धार्थ सुट्या शब्दांच्या जोडीचा. 'राइज' आणि 'असेंड' समानार्थी, पण 'राइज'ची जोडी 'फॉल'शी, 'असेंड'ची 'डिसेंड'शी. 'असेंड'च्या उलट 'फॉल' म्हटलं तर अर्थ कळतो, पण जोडी जमत नाही. मराठीत चढ-उतार म्हणतो, चढ-पड नाही, तसंच. याच धर्तीवर मुंबईच्या आयआयटीने 'मराठी शब्दबंध' केलंय, तेही उघडून बघा.

जुन्यातलं हवं असेल तर पीटर मार्क रोजे या डॉक्टरांचा 1852 सालचा 'थिसॉरस'. तो अकारविल्हे नाही, कल्पनांच्या क्रमाने लावलेला आहे, आणि त्यात उलटसुलट कल्पना शेजारी-शेजारी रकान्यांत छापल्या होत्या. पण दहावीच्या मुलांच्या हातात देऊ नका. त्यात नुसते शब्द मिळतात, कुठला शब्द कुठल्या वाक्यात बसतो ते तिथे कळत नाही. मुलांसाठी उदाहरणांची वाक्यं देणारा साधा शब्दकोशच बरा.

'कीप'चे ते दोन प्रकार वेगवेगळ्या दिवशी घ्या. 'फ्रॉम' आला की अडवणं, समानार्थी 'प्रिव्हेंट', उलट 'अलाव'. 'फ्रॉम'वर बोट ठेवायची सवय लावा. एक सावधगिरी मात्र हवी: 'कीप अवे फ्रॉम द रॉक्स' मध्येही 'फ्रॉम' आहे, तिथे लांब राहणं आहे.

---

प्रतिसाद:

ताई, मी आंब्याच्या धंद्यातला, देवगडचा. तुमच्या टिकण्याच्या 'कीप'ला आमच्याकडे रोजचा वापर आहे. फळांच्या इंग्रजी माहितीत 'कीपिंग क्वालिटी' हा शब्द हमखास येतो, म्हणजे फळ किती दिवस टिकतं. मुलांना आढीवरून वाक्यं द्या. पेंढ्यात आंबा आपण ठेवतो, तो 'कीप' कर्माचा. पिकल्यावर तो टिकतो, तो तुमचा बिनकर्माचा. एकाच फळावर दोन्ही दाखवता येतील.

---

धागाकर्ती:

सर, दादा, मनापासून आभार. आढीचं उदाहरण उद्याच घेते. 'वी कीप द मँगोज इन स्ट्रॉ' आणि 'राइप मँगोज डोन्ट कीप लाँग' ही दोन वाक्यं फळ्यावर एकाखाली एक लिहीन आणि प्रत्येकाचं उलट मुलांनाच शोधायला सांगेन. पहिल्याला 'थ्रो अवे' येईल असं वाटतं. कोंबड्यांपुढे आता वहीत सरळ रेघ मारायला सांगते.

'फ्रॉम'चा धडा पुढच्या आठवड्यात. 'कीप'सारखी अडचण 'टेक' आणि 'रन' यांचीही आहे. कोणी त्यांच्यावर मराठीतून काम केलं असेल तर इथेच लिहा, वेगळा धागा काढत नाही.