मदत हवी आहे: टीपॉयला खोड सुचवा!

चार वर्षांच्या भाचीसाठी घरीच चित्रांचं पुस्तक करतेय. विषय घरातलं फर्निचर, गोष्ट अगदी वेडगळ. पाटाला उंच व्हायचंय म्हणून तो स्टुलाकडे शिकवणी लावतो. लोखंडी कपाट दार उघडलं की ढेकर देतं. दिवाण पोटात गाद्या भरून दिवसभर लोळतो (आमचा खरंच तसाच आहे). झोपाळा करकरत गातो, तेही बेसूर. अडलंय टीपॉयपाशी. त्याला काय खोड द्यावी? उपदेश नको, नुसता वात्रटपणा हवा.

दुसरं, छपाईचं. मधोमध पिना मारायच्या तर पानं चारच्या पटीत लागतात; माझी १८ झालीत. दोन कापू की वाढवू? आणि आतला कागद १३० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम, म्हणजे कागद किती जड ते) पुरेल की १७० घेऊ? बाईसाहेब पानं ओढतात, कधीकधी चाटतातही.