प्रतिसाद: ऑफिसमधले कॉम्प्युटर रात्री बंद करावेत का?

कॉम्प्युटर रात्री बंद करू नयेत, कारण रोज चालू-बंद केल्याने हार्ड डिस्क लवकर जाते, असं काही जण म्हणतात. ही भीती जुनी आहे. डेस्कटॉपच्या फिरत्या डिस्कला साधारण 50,000 वेळा चालू-बंद होण्याची क्षमता दिलेली असते. दिवसातून एकदा बंद केलीत तर वर्षाला तीनशे. करा हिशोब! एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, तर फिरणारं काही नसतंच.

बिलाचं बघा. नुसता चालू असलेला डेस्कटॉप 50 वॅट धरला, तर रात्रीच्या चौदा तासांत 0.7 युनिट. चाळीस मशीन म्हणजे रात्रीला 28 युनिट, तेही मुंबईच्या कमर्शियल दराने. मालकाला हा आकडा दाखवा, बाकी काही बोलावं लागणार नाही.

एक गोम मात्र आहे. विंडोज 8 पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. शटडाउन केलं तरी सिस्टिमचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, तिथे 'अप टाइम' बघा. रोज बंद होणारं मशीनही कित्येक दिवस सलग चालू दिसेल. म्हणून मशीन रेंगाळत असेल तर शटडाउन नाही, रीस्टार्ट.

टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा आणि रात्रीचा बॅकअप असलेलं मशीन चालूच राहू द्या, पण यूपीएसवर. आणि तळमजल्यावर ऑफिस असेल तर पावसाळ्यात कॉम्प्युटरचा डबा जमिनीवर नकोच. 26 जुलै 2005 नंतर हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको, तरी लोक ठेवतातच.