नवीन पीसी जोडलाय, फॅन फिरतात पण डिस्प्लेच येत नाही, मदत करा

पेठेतला_पोरगा:
नमस्कार मंडळी, काल रात्रीपासून डोकं चालंना झालंय. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे, बाबा लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ करतात, जुना पीसी दहा वर्षांचा झालाय, एक व्हिडिओ एक्सपोर्टला टाकला की रात्रभर घुरघुरत बसतो. म्हणून वर्षभर पैसे साठवून एकेक पार्ट घेतला आणि काल पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं जोडला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड (दुकानात पडून राहिलेला जुना स्टॉक, स्वस्तात मिळाला), डीडीआर४ ३२०० च्या ८ जीबीच्या दोन रॅम, आरटीएक्स ३०५० ग्राफिक कार्ड आणि ५५० वॅटचा पॉवर सप्लाय. बटण दाबलं की फॅन सगळे फिरतात, पण मॉनिटरवर नुसतं 'नो सिग्नल', कीबोर्डची लाईट पण लागत नाही. मॉनिटर आणि केबल जुन्या पीसीला लावून बघितली, तिथं चालते. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो बॉक्स फोडलाय आता परत घेणार नाही. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन चालू होतो, त्याच्या आत हे मशीन उभं राहायलाच पाहिजे.

कळंबा_रोड:
भावा आधी हे सांग, मॉनिटरची एचडीएमआय केबल ग्राफिक कार्डाला लावलीस का मदरबोर्डाला? ५६०० ला आतलं ग्राफिक्स नसतं, ते ५६००जी ला असतं, त्यामुळं बोर्डाच्या पोर्टातून कधीच काही येणार नाही. दुसरं, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरची ८ पिनची वेगळी केबल असते ती लावलीस का? फॅन फिरतात म्हणून प्रोसेसरला करंट मिळतोय असं समजू नको, मोठी २४ पिनची केबल असली की फॅन फिरतातच.

पेठेतला_पोरगा:
केबल कार्डालाच आहे. ८ पिन पण लावलीय, ४+४ वाली, आत्ता परत दाबून बघितली.

रात्रपाळी:
मग प्रोसेसरच गेलाय. दुसरा घ्या, उगाच वेळ घालवू नका.

वायरताई:
असं एकदम नका हो सांगू त्याला, दहा-बारा हजाराची वस्तू आहे. मी गेली कितीतरी वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळते, नवा प्रोसेसर डब्यातूनच मेलेला निघालेला माझ्या हाताखाली अजून आला नाही. हे बघ बाळा, बी४५० बोर्ड २०१८ सालचे आणि ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ ला. तुझा बोर्ड दुकानात पडून होता म्हणतोस, म्हणजे त्यातलं बायोस, म्हणजे पीसी चालू होताना बोर्ड चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, त्या काळातलं असणार, आणि त्या बायोसला तुझा प्रोसेसर ओळखूच येत नाही. बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, फक्त दोघांची ओळख नाही. बोर्डाच्या कडेला बारीक चार लाईट असतील, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक कार्ड), बूट असं लिहिलेलं असतं. खोलीतला दिवा बंद कर, पीसी चालू कर आणि कुठली लाईट लागून राहते ते बघून सांग. तोपर्यंत काहीही उपटू नको आणि बदलू नको.

कळंबा_रोड:
ताई बरोबर बोलतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अजून एक, जुना स्टॉक म्हणतोयस तर बोर्ड नीट निरखून बघ. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात दुकानांत पाणी होतं. स्क्रूच्या भोकांभोवती पांढरट पावडर, मागच्या पोर्टांच्या पत्र्यावर गंज असलं काय दिसलं तर तो बोर्ड लावूच नको.

पेठेतला_पोरगा:
टॉर्च लावून सगळा बघितला, गंज कुठंच नाही, एकदम स्वच्छ आहे. आणि ताई, सीपीयूची लाल लाईट लागून राहिलीय, विझतच नाही. मागं पोर्टांच्या जवळ एक बारीक बटण पण आहे, त्यावर फ्लॅश बायोस लिहिलंय.

वायरताई:
ते बटण आहे म्हणजे निम्मं काम झालं, त्यानं प्रोसेसर ओळखला नाही तरी बायोस नवीन करता येतं. नसतं तर कुणाकडून तरी जुना रायझन आणून बसवावा लागला असता. कंपनीच्या साईटवरून तुझ्याच मॉडेलचं नवीन बायोस उतरव, मॉडेलचं नाव बॉक्सवरून नाही तर बोर्डावर छापलेलं वाचून घे. पेनड्राईव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर, फाईल त्यात टाक, फाईलला काय नाव द्यायचं ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, अक्षर पण इकडंतिकडं नको. मग खूण केलेल्या यूएसबी पोर्टातच पेनड्राईव्ह लाव, पीसी चालू न करता फक्त मागचा स्विच ऑन ठेव आणि ते बटण दाब. लाईट लुकलुकेल, पाच-सात मिनिटं लागतात, ती आपोआप थांबेपर्यंत हात लावायचा नाही. आणि हे इन्व्हर्टरवर कर. पावसाची हवा आहे, मधेच लाईट गेली तर सगळं परत पहिल्यापासून.

पेठेतला_पोरगा:
पहिल्यांदा बटण दाबलं तर लाईट तीनदा लुकलुकली आणि बंदच पडली, फाईलचं नाव चुकलं होतं. नाव नीट दिल्यावर चालू झालं, सहा मिनिटं लागली, बाबा पण शेजारी उभे राहून बघत होते. आता सीपीयूची लाईट गेली! पण तिच्या शेजारची डीरॅमची लागली आणि डिस्प्ले अजून नाहीच. आता काय म्हणायचं ह्याला.

कळंबा_रोड:
हे चांगलंच झालं की रे, गाडी एक स्टेशन पुढं गेली. दोन फॉल्ट एकावर एक होते, म्हणून काय समजत नव्हतं. रॅम कुठल्या स्लॉटात आहेत? प्रोसेसरपासून मोजलं तर दुसरा आणि चौथा पाहिजे. आधी एकच रॅम दुसऱ्यात लाव. आणि तुझ्या बोर्डाला क्लिप एकाच बाजूला असेल तर फसायला होतं, क्लिपची बाजू बसते आणि दुसरं टोक तसंच वर राहतं. डोळा बोर्डाच्या लेव्हलला आणून बघ. दोन्ही टोकांना अंगठ्यानं दाब, टक् आवाज आला पाहिजे.

पेठेतला_पोरगा:
आला!!! डिस्प्ले आला!!! शेवटच्या स्लॉटातली रॅम ग्राफिक कार्डाकडच्या टोकाला नखाएवढी वर होती, वरनं बघितलं तर अजिबात कळत नव्हतं. जोरात दाबायला भीती वाटत होती, बोर्ड वाकत होता, म्हणून मी काल अर्धवटच सोडली होती. टक् आवाज आला आणि बायोसची स्क्रीन आली. आता दोन्ही रॅम १६ जीबी दाखवतोय. बाबांनी लगेच खाली जाऊन सगळ्यांना चहा सांगितला. ताई, तुम्ही थांब म्हणाला नसता तर मी आज सकाळी दुसरा प्रोसेसर आणायला निघालो होतो. फक्त रॅम ३२०० स्पीडची आणि स्क्रीनवर २१३३ दाखवतोय, हे बरोबर आहे का?

वायरताई:
लई आनंद झाला बघ. २१३३ बरोबर आहे, बोर्ड आधी सावध स्पीडनंच चालू होतो. बायोसमध्ये एक्सएमपी म्हणून रॅम पूर्ण स्पीडनं चालवायची सेटिंग असते, ती चालू केली की ३२०० होईल. पण आज नको करू. आधी विंडोज टाक, ग्राफिकचा ड्रायव्हर टाक, एक मोठा व्हिडिओ एक्सपोर्टला लावून दोन तास चालतोय का बघ, मग उद्या एक्सएमपी चालू कर. म्हणजे काही अडलं तर कशामुळं अडलं ते लगेच कळेल.

रात्रपाळी:
माझं चुकलं, बायोसचं लक्षातच आलं नाही. अभिनंदन मित्रा.

पेठेतला_पोरगा:
काही नाही दादा. विंडोज टाकायला घेतलंय, परवाच्या साखरपुड्याचं फुटेजच लावतो एक्सपोर्टला.