तिसऱ्या बदामावर मोठा हुकूम मारायचा का?

ब्रिजचा डाव. करार ४ इस्पिक (इस्पिक हुकूम, १३ पैकी १० हात म्हणजे फेऱ्या जिंकायच्या), खेळणारा दक्षिण.
दक्षिण: इस्पिक एक्का, राजा, १०, ८, ६, बदाम ७, ४, चौकट एक्का, राजा, ५, किलवर एक्का, ६, २.
डमी (समोरच्या जोडीदाराची उघडी पानं): इस्पिक राणी, ७, ४, ३, बदाम गुलाम, ८, ३, चौकट ८, ४, २, किलवर राजा, राणी, ३.

पूर्वेने २ बदाम बोलून सहा पानं दाखवलीत. पश्चिमेने बदाम लावला. पूर्वेने एक्का-राजा वाजवून आता राणी लावली आहे आणि पश्चिमेकडचे बदाम संपलेत. माझं ठाम मत: राजानेच मारा. दश्शी मारली की पश्चिमेचा गुलाम वर बसतो.

इस्पिकराणी: पटत नाही. पश्चिमेकडे गुलामासह तीन हुकूम असले तर राजा मारूनही गुलाम पुढे हात घेणारच. गुलाम पूर्वेकडे असेल तर दश्शीनेच भागतं.

धागाकर्ता: पूर्वेचे बदाम सहा, पश्चिमेचे दोन. म्हणजे पूर्वेकडे बाकीची ७ पानं, पश्चिमेकडे ११. गुलाम पश्चिमेकडे असण्याची शक्यता ११ विरुद्ध ७. दश्शी कशाच्या भरवशावर मारायची?

चौकटपंजी: दोघंही हुकूम मारायची घाई करताय. चौकट ५ टाका! ती चौकट कधीतरी हरायचीच आहे, तीच इथे द्या. हरलेले हात तीनच, आणि पाचही हुकूम हातात शाबूत. मग बाहेरचे चार हुकूम ३-१ वाटले असले तरी एक्का-राजा-राणीत गोळा होतात. राजा मारलात तर पश्चिमेकडे तीन हुकमांत गुलाम असल्यास डाव एका हाताने बुडतो.

धागाकर्ता: आणि पूर्वेने चौथा बदाम लावला तर? पश्चिम गुलाम मारेल की.

चौकटपंजी: मारू दे. डमीचे बदामही संपलेत आणि डमी शेवटी खेळते. तुम्ही हातातून किलवर २ टाका. गुलाम आला तर वर राणी, काहीच नाही आलं तर तिर्री. पेअर्समध्येही (जिथे जादा हातालाही मोल असतं) नुकसान नाही, कारण या डावात अकरावा हात नाहीच.

इस्पिकराणी: या पानांवर मान्य, माझी दश्शी चूक होती. पण डमीकडे चौकट राणी असती तर टाकायला हरणारं पान उरत नाही. तिथे टीम्समध्ये (जिथे करार पुरा करणं महत्त्वाचं) मी दश्शीच मारेन. पश्चिमेकडे चारही हुकूम निघाले तरी गुलामाचा एकच हात जातो. राजा मारून पुढे एक्का-राणी वरून काढलीत तर त्याच वाटणीत हुकमाचे दोन हात जातात, बदामाचे दोन आधीच गेलेत.

धागाकर्ता: टीम्सला हो. पेअर्सला मात्र तिथे राजाच, अकरावा हात २-२ वाटणीत मिळतो, आणि गुलाम कुठेही एकटा असला तरी.