चर्चा: 'सोलापुरी' एवढी ओळख पुरे, की प्रत्येकाने आपला ब्रँड उभा करावा?

चटणी_जोडभावीपेठ

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एखाद्या दुकानात शेंगा चटणीची पाकिटं रांगेत मांडलेली असतात, ती एकदा नीट बघा. लाल पाकीट, पिवळी अक्षरं, सिद्धेश्वर मंदिराचं चित्र आणि वर मोठ्ठं 'सोलापुरी'. बनवणाऱ्याचं नाव मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, तेही कायदा सांगतो म्हणून. गिऱ्हाईक चटणी खातं, त्याला आवडते, पुढच्या खेपेला येऊन म्हणतं, "मागची ती लाल पाकिटातली द्या." दुकानदाराच्या हाताला येईल ते लाल पाकीट त्याला मिळतं. चव जमवायला आपण केलेले कष्ट दुसऱ्याच्या गल्ल्यात जातात.

'सोलापुरी' हा शब्द सगळ्यांचा आहे. नुसतं गावाचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवून मिळत नाही, आणि मिळूही नये. म्हणून लहानातल्या लहान धंद्यालासुद्धा स्वतःचं नाव हवं, असं माझं ठाम मत आहे. एका वर्गातल्या मालासाठी ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे वाढवता येते.

पण लोगो काढून घेतला म्हणजे ब्रँड झाला, असं मी म्हणत नाही. चटणीची ओळख आधी घाण्यात ठरते. शेंगदाणा किती खमंग भाजायचा, कांडताना तेल सुटून गोळा धरेपर्यंत थांबायचं की आधीच काढायचं, रंगासाठी बेडगी किती आणि तिखटासाठी दुसरी मिरची किती, लसूण कधी घालायचा. हे दर घाण्याला तेच राहिलं पाहिजे. मग पाकीट, बिल, फोनवरचं बोलणं, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतला स्टॉल, सगळीकडे एकच नाव, एकच रंग, एकच भाषा. आपल्याकडे पाकिटावर 'घरगुती', स्टॉलच्या फलकावर 'इंडस्ट्रीज' आणि इन्स्टाग्रामवर मुलाने ठेवलेलं तिसरंच इंग्रजी नाव असतं. हे तिन्ही एकाच घरचं आहे, हे गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं?

माग_अक्कलकोटरोड

ताई, चटणीपुरतं तुमचं बरोबर असेल. चादरीचा धंदा वेगळा आहे. आमचा माल बाहेरगावचा व्यापारी उचलतो आणि त्याला तो कोरा, म्हणजे बिननावाचा लागतो. जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, काठात नाव विणायला काही अवघड नाही, कार्डात तेवढी नक्षी बसवली की झालं. पण नाव विणलेली चादर दाखवली की व्यापारी म्हणतो, "नाव काढा, नाहीतर दर खाली आणा." त्याला स्वतःचं लेबल लावायचं असतं. सूत रोखीने घ्यायचं, माल उधारीवर द्यायचा, मधल्या काळात कामगारांची मजुरी आणि लाइटबिल थांबत नाही. स्वतःच्या नावाने विकायचं तर माल साठवायला जागा हवी, खोके हवेत, गावोगावच्या प्रदर्शनांत गाळा हवा. ते भांडवल कुठून आणायचं?

दुसरं म्हणजे, आमचा ब्रँड आहेच. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात ते मिळवणारं हे पहिलं उत्पादन. टेरी टॉवेललाही मिळालं. हरियाणातल्या पानिपतचा स्वस्त माल 'सोलापुरी' म्हणून बाजारात खपवला जातो, त्याच्याशी लढायचं तर सगळ्यांनी एका नावाखाली उभं राहायला पाहिजे. प्रत्येकाने आपापलं नाव पुढे केलं तर सामाईक नावाचा जोर कमी होणार. मी तुमच्या मताच्या साफ विरोधात आहे.

चटणी_जोडभावीपेठ

अण्णा, मानांकनाचा मलाही अभिमान आहे. पण त्याच्याने काय होतं आणि काय होत नाही, हे बघायला हवं. माल सोलापूरचा आहे एवढं ते सांगतं. तुमच्या मागावरचा की शेजारच्या, हे सांगत नाही. ते वापरायचं तर प्रत्येक उत्पादकाला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. आणि कायद्याने ते मानांकन कुणाला विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, भाड्याने देता येत नाही. तुमचा ट्रेडमार्क मात्र तुमची मालमत्ता असतो. उद्या मुलाने कारखाना चालवला नाही, तरी नावाची किंमत त्याच्या हातात राहील. कोरा माल विकून त्याच्या हातात काय राहणार? माग आणि येणी.

गणवेश_शिवणारा

मी शाळांचे गणवेश शिवतो. आमच्याकडे नावाचा प्रश्नच येत नाही. शर्टाच्या आत आमचं लेबल असतं, ते कुठलीच आई वाचत नाही. शाळेला एवढंच हवं असतं की गेल्या वर्षीची निळी आणि यंदाची निळी एकच दिसावी. प्रार्थनेला मुलं रांगेत उभी राहतात तेव्हा उन्हात फरक लगेच कळतो. थोरल्याची जुनी पँट आणि धाकट्याची नवी शेजारी आली की मुख्याध्यापक फोन करतात. म्हणून कापडाचा प्रत्येक लॉट आला की आधीच्या तुकड्याशी दारात, दिवसाउजेडी ताडून बघायचा. ट्यूबलाइटखाली बघितलेली शेड फसवते. जुळली नाही तर लॉट परत. असा शब्द पाळला की पुढच्या वर्षीची ऑर्डर न मागता येते, आणि एक शाळा दुसरीला सांगते. ताई, तुमच्या घाण्याच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. नाव, रंग, लोगो यांवर खर्च करायच्या मात्र विरोधात. त्या पैशात एक चांगला कटिंग मास्टर ठेवता येतो.

छपाई_साखरपेठ

पाकिटं आणि लेबलं छापतो, म्हणून थोडं बोलतो. मला खरी अडचण दिसते ती सतत बदल करायची. दिवाळी आली की नवीन डिझाइन, पुतण्या ग्राफिक्स शिकला की आणखी नवीन. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत एक रंग बसायला वेळ लागतो, तेवढाही आपण देत नाही.

ताईंनी लहानातल्या लहान धंद्यालाही स्वतःचं नाव हवं म्हटलं, तिथं मात्र सावध करतो. छापील प्लास्टिक पाकिटाला प्रत्येक रंगासाठी छपाईचा वेगळा सिलिंडर बनवावा लागतो आणि छपाई किलोंच्या हिशोबाने मोठ्या प्रमाणात घ्यावी लागते. मग पत्ता बदलला, वजन बदललं, अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर चुकला, की सगळा साठा वाया. सुरुवातीला साधं तयार पाऊच घ्या आणि त्यावर स्टिकर लावा. रंग एक-दोनच ठेवा. तपकिरी कागदावरचा लाल आणि चकचकीत प्लास्टिकवरचा लाल कधीच सारखे येत नाहीत, म्हणून मंजूर केलेला नमुना सही करून स्वतःकडे ठेवा आणि प्रत्येक छपाईला तोच पुढे करा. आणि मंदिराचं चित्र टाकू नका, हे मी हात जोडून सांगतो. श्रद्धा आपल्या जागी आहे, पण सगळ्यांच्याच पाकिटावर एकच चित्र असेल तर त्याने ओळख कुणाची होणार?

माहेर_सोलापूर_सासर_पुणे

अण्णांना उत्तर द्यायचंय. नणंदेच्या लग्नात आहेरासाठी मी इथल्या एका दुकानातून 'अस्सल सोलापुरी' म्हणून चादरी घेतल्या. पहिल्या धुण्यात रंग गेला, बादलीतलं पाणी गुलाबी झालं. चादरीवर कुणाचंच नाव नाही, म्हणजे तक्रार करायची कुणाकडे? सासरी सगळे एकच म्हणाले, "सोलापुरी चादरी पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत." त्या सोलापूरच्या होत्या की नव्हत्या हे मलाही सांगता आलं नाही. अण्णा, तुम्ही म्हणता स्वतःच्या नावाने सामाईक नावाचा जोर कमी होईल. मला वाटतं, बिननावाच्या मालानेच ते नाव खराब होतंय. आईच्या कपाटात काठात नाव विणलेली चादर अजून आहे. विरलीय, पण नाव वाचता येतं. तशी मिळाली तर मी दोन पैसे जास्त देईन.

माग_अक्कलकोटरोड

ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. पक्का रंग वापरला आणि नीट धुऊन काढला तर पाणी गुलाबी होत नाही. खर्च वाचवायला कुणीतरी कच्चा रंग वापरला असणार. हे आमच्या सगळ्यांच्या नावावर जातं, हे मान्य.

तरी कोरा माल बंद करा असं कुणी सांगू नये. त्यावर घरं चालतात, आमची आणि कामगारांचीही. माझं म्हणणं असं: लेबल सामाईकच ठेवायचं, मानांकनाचं, पण त्यावर कारखान्याचा नंबर टाकायचा. माल वाईट निघाला तर नंबरावरून माणूस सापडेल. खर्च वाटला जाईल आणि पानिपतशी लढाईही एकत्र होईल.

चटणी_जोडभावीपेठ

नंबर तक्रारीला उपयोगी पडेल, ते चांगलंच आहे. पण "मला अमुक नंबरची चादर द्या" असं म्हणत कुणी दुकानात येत नाही. अण्णा, सगळा माल नका बदलू. एक नक्षी निवडा, तुमच्याकडची सगळ्यात चांगली. ती कुठल्याच व्यापाऱ्याला कोरी द्यायची नाही. तेवढ्या एकाच नक्षीत काठात नाव विणा, वजन आणि माप ठरवून टाका, रंग दोन-तीनच ठेवा, आणि ती थेट विका. बाकी माग आज चालतात तसे चालू द्या.

माग_अक्कलकोटरोड

एका नक्षीपुरतं करून बघता येईल. पण मी ती थेट विकतो हे कळल्यावर व्यापाऱ्याने बाकीचा माल उचलायचा थांबवला तर? हा प्रश्न चटणीवाल्यांना पडत नाही, आम्हाला पडतो. आमच्यापैकी चार-पाच जणांनी एकाच वेळी केलं तरच मी पुढे येईन. एकटा नाही.

छपाई_साखरपेठ

चार-पाच जण जमत असतील तर काठाच्या विणलेल्या नावाशी जुळणारं खोक्याचं लेबल सगळ्यांचं एकाच शीटवर बसवतो. नाव प्रत्येकाचं वेगळं, कागद आणि माप एक. खर्च बराच खाली येईल. फक्त खोक्यावर वजन किती लिहायचं ते आधी तराजूवर घालून ठरवा, आणि तेवढं भरलं नाही तर चादर खोक्यात घालायची नाही, हे कुणी बघायचं तेही आत्ताच ठरवा.